सहावी आणि अकरावीच्या मधली मुलगी

एक लाख एक हजार. आकडाच असा आहे की ऐकताक्षणी लग्नातलं आहेराचं पाकीट डोळ्यांपुढे यावं, कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेलं. राज्य सरकारच्या ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवरच्या, वर्षाला लाखाच्या आत कमाई असलेल्या घरातल्या मुलीला अठराव्या वर्षापर्यंत मिळून एवढी रक्कम मिळणार आहे. शासन निर्णय ३० ऑक्टोबर २०२३ चा, आणि लाभ १ एप्रिल २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलींना. जन्माला पाच हजार, पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ आणि अठरा पूर्ण झाल्यावर एकदम पंचाहत्तर हजार.

हा तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं बोट सहावी आणि अकरावीच्या मध्ये थांबलं. सहावीच्या जूनपासून अकरावीच्या जूनपर्यंत पाच वर्षं होतात. या पाच वर्षांत योजनेतून एक पैसाही येत नाही. आणि माझ्या शाळेतल्या मुली गळायच्या त्या नेमक्या याच पाच वर्षांत.

माझी सगळी नोकरी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत गेली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. पूर्व भाग म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: यंत्रमागांचा खडखडाट, टॉवेल-चादरींचे गठ्ठे वाहणाऱ्या रिक्षा, घराघरांत तेलुगू आणि उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. नवरा मागावर, बायको विड्यांवर, हा इथला संसार. गिरण्या बंद पडत गेल्या तसा या शहरात बायकांच्या विड्यांवर किती घरांचा चुलीपासून दवाखान्यापर्यंतचा खर्च आला, याचा नीट हिशेब कुणी मांडलेला मला दिसला नाही.

या घरांत मुलीचं शिक्षण कुठे अडतं? पहिली-दुसरीत अजिबात नाही. पोरगी शाळेत गेली तर आईला बरंच असतं, खिचडीही मिळते. अडायला लागतं सातवी-आठवीत. तोवर तिचे हात विडीला बसलेले असतात. पानं भिजवून ठेवणं, कात्रीनं कापणं, वळलेल्या विड्यांची तोंडं दुमडणं ही कामं ती आईशेजारी बसून शिकलेली असते. आईच्या हजार विड्यांत दोनशे-तीनशे पोरीच्या असतात. कारखान्यात मोजून घेताना त्या आईच्या नावावर जातात, त्यामुळे बालमजुरीच्या कुठल्याच पाहणीत ही मुलगी सापडत नाही. वर ती वयात आलेली असते. एका आईनं मला सांगितलं होतं ते अजून कानात आहे: “बाई, शिकवणार नाही असं म्हणतोय का आम्ही? मी कारखान्याला विड्या द्यायला जाते, हे मागावर असतात. घरात पोरगी एकटी राहती. काही झालं तर कोण बघणार, सांगा की.” त्या बाईला ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ ऐकवण्यात अर्थ नव्हता. तिला भीती होती आणि त्या भीतीवर तिच्या माहितीतला एकच स्वस्त उपाय होता, लग्न.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना लग्न कितव्या वर्षी झालं हे विचारलं होतं. राज्यात सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सोलापूर जिल्ह्यात हा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास होता. परभणी आणि बीड आपल्या पुढे आहेत, एवढंच काय ते समाधान. ग्रामीण भागात याला ऊसतोडीचं कारण जोडलेलं आहे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्याला’, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. त्या उचलीपुढे कुठल्याही सरकारी योजनेचा सात हजारांचा हप्ता उभा राहत नाही, हे मंत्रालयात बसून कळायला अवघड आहे. मंगळवेढ्याच्या एखाद्या वस्तीवर अर्धा तास बसलं की कळतं.

गरीब मुलींना पैसे द्यायची कल्पना आपल्याकडे नवी मुळीच नाही. १९९२ पासून राज्यात उपस्थिती भत्ता आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया. शाळेचे दिवस २२० धरले की वर्षाचे जास्तीत जास्त २२० रुपये. सुरुवातीला त्या रुपयाला काही किंमत होती. मी निवृत्त झाले तेव्हाही तो रुपयाच होता. आज पानपट्टीवर बंडलाच्या भावानं एक विडी साधारण रुपयाला पडते, म्हणजे मुलीच्या दिवसभराच्या हजेरीचा भाव सरकारनं एका विडीएवढा ठेवला. पुढच्या वर्गांसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती होती. माझ्या काळात पाचवी ते सातवीला महिना साठ रुपये आणि आठवी ते दहावीला शंभर, वर्षातले दहा महिने.

हे पैसे थेट खात्यात जायला लागले तेव्हा आम्हा शिक्षकांना आनंद झाला, कारण पाकिटं भरून वाटण्याचा व्याप सुटला. पण खाती कुठं होती? एका बँकेनं आमच्या पालकांना शून्य शिलकीच्या खात्यासाठी इतक्या वेळा ‘उद्या या’ सांगितलं की शेवटी आयांनी जाणंच सोडलं. बँकेत एक दिवस गेला की त्या दिवसाच्या विड्या बुडतात. २२० रुपयांसाठी दोन दिवसांची मजुरी घालवायला त्या काही वेड्या नव्हत्या. त्यातून आधारवरचं आडनाव वेगळं, शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं वेगळं. तेलुगू आडनाव मराठी कारकुनानं एक लिहिलं, आधार केंद्रावरच्या पोरानं दुसरंच.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण संघटनेची शिष्यवृत्ती मात्र वेगळी होती, आणि तिच्याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण या शहरात तिनं काम केलेलं मी पाहिलं. तिच्या जुन्या दरांत पाचवी ते आठवीच्या मुलाला वर्षाला ५०० रुपये आणि मुलीला ९४० असायचे. हा फरक ज्या कुणी ठेवला त्याला विडी कामगाराच्या घरातलं गणित ठाऊक असावं. मुलाच्या जवळजवळ दुप्पट पैसे मुलीला मिळतात म्हटल्यावर ‘पोराला शाळेत ठेवू, पोरीला काढू’ म्हणणारा बाप एकदा थबकायचा. पुढे दर वाढले. पाचवी ते आठवीला १,५०० झाले, नववी-दहावीला २,०००, अकरावी-बारावीला ३,०००, व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,०००. वाढ चांगलीच झाली, पण ती करताना मुलगा-मुलगी सारखे केले गेले. कागदावर समानता आली आणि मुलीच्या बाजूनं असलेलं एक वजन काढून घेतलं गेलं. या शिष्यवृत्तीमागचा पैसा १९७६ च्या कायद्यानुसार विड्यांवर बसवलेल्या उपकरातून यायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला तसा तो उपकरही गेला. आता अर्थसंकल्पात जी तरतूद होईल त्यावर सगळं अवलंबून.

या शिष्यवृत्तीवर शिकलेली माझी एक विद्यार्थिनी पुढे पदवीपर्यंत गेली. अकरावीत असताना तिच्या नावाचं खातं होतं आणि एटीएम कार्ड तिच्याच दप्तरात असायचं. तिच्या बापानं ते मागितलं होतं. ती त्याला म्हणाली, पिन फक्त कॉलेजमध्ये चालतो. बाप बिचारा भोळा, त्यानं विश्वास ठेवला. ‘सक्षमीकरण’ या विषयावर मी किती भाषणं ऐकली असतील. त्या सगळ्यांपेक्षा ही थाप मला जास्त पटते. तीन हजारांत काही फार येत नाही. पण कुंभारीच्या विडी घरकुलातून शहरात यायचं शेअर रिक्षाचं भाडं, पॅड, झेरॉक्स यांसाठी बापापुढे हात पसरावा लागला नाही, की बाप ‘बस झालं आता’ म्हणण्याची एक संधी कमी होते.

आता पुन्हा त्या पंचाहत्तर हजारांकडे येऊ. लाखातले पाऊण लाख शेवटी ठेवायचे आणि ते मिळवायचे तर मुलगी अविवाहित असली पाहिजे, अशी अट आहे. ती अविवाहित आहे याचं स्वयंघोषणापत्र द्यायचं, मतदार यादीत नाव असल्याचा दाखलाही द्यायचा. (आई-बापांपैकी एकाच्या कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचा दाखला तर त्याच्या कितीतरी आधी लागतो. मुलीच्या पहिलीच्या पैशांचा आई-बापाच्या ऑपरेशनशी संबंध लावण्याची ही सवय आपल्या सरकारांची जुनी आहे.) अठरापर्यंत थांबा, मग घबाड मिळेल, असा यामागचा विचार. दिसायला बिनचूक वाटतो. पण तो हरयाणात करून झाला आहे. १९९४ मध्ये तिथं ‘अपनी बेटी अपना धन’ नावाची योजना निघाली. मुलीच्या नावानं अडीच हजारांचा रोखा घ्यायचा, ती अठराची झाली आणि तोवर तिचं लग्न झालेलं नसलं तर पंचवीस हजार मिळायचे. २०१२ मध्ये पहिल्या मुली अठराच्या झाल्या. स्त्रियांविषयी संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्यांचा अभ्यास केला, तेव्हा योजनेतल्या आणि योजनेबाहेरच्या मुलींत अठराच्या आत लग्न होण्याच्या प्रमाणात फरक सापडला नाही. शिवाय पुष्कळ घरांनी हा पैसा मुलीच्या लग्नासाठीच आलेला आहे असं धरलं होतं. धरणारच. अविवाहित असेल तरच, आणि अठरा झाल्यावर लगेच, अशी रक्कम हातावर ठेवली तर बाप तिला दुसरं काय समजणार? आपण सरकारी खर्चानं हुंड्याची भिशी चालवतोय, असं मी एका बैठकीत म्हटलं तेव्हा अधिकारी नाराज झाले होते.

पश्चिम बंगालचं ‘कन्याश्री’ त्यामानानं शहाणं. २०१३ पासून तेरा ते अठरा वयात दर वर्षी थोडी रक्कम आणि अठराला पंचवीस हजार. संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. तरी पाचव्या फेरीच्या पाहणीत तिथला बालविवाहाचा आकडा ४१ टक्क्यांच्या वरच राहिला. पैशानं सगळं होतं असं म्हणणाऱ्यानं हा आकडा खिशात ठेवावा. वर्षाला हजार रुपयांत बापाचा निर्णय बदलत नाही.

मग काय बदलतं? बांगलादेशानं १९९४ मध्ये ग्रामीण मुलींसाठी देशभर विद्यावेतन सुरू केलं, ते सहावी ते दहावीसाठी. आपला तक्ता जिथं रिकामा आहे, तिथंच त्यांनी पैसा ठेवला. पंचाहत्तर टक्के हजेरी, परीक्षेत ठरावीक गुण, आणि पैसे मुलीच्या खात्यात, वर्षातून दोनदा. माध्यमिक शाळांत मुली मुलांच्या बरोबरीला आल्या. बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलीला सायकलीसाठी दोन हजार रुपये दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा त्या वयाच्या मुलींची शाळेतली नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेली निघाली. आपल्याकडेही अहिल्याबाई होळकरांच्या नावानं खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, आणि माझ्या मते मुलींसाठी राज्यानं केलेल्या कामांत तो सगळ्यात वरचा. त्याच्या जाहिराती कमी होतात. कदाचित म्हणूनच तो अजून टिकून आहे.

लेक लाडकीच्या पंचाहत्तर हजारांना मी कागदावर पन्नासनं भागलं. आठवी ते बारावी अशी पाच वर्षं, शाळा-कॉलेज चालू असतात ते वर्षाचे दहा महिने, म्हणजे पन्नास महिने. उत्तर आलं पंधराशे.

पंधराशे हा आकडा महाराष्ट्रात आता सगळ्यांना पाठ आहे. जून २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये पैसे खात्यांत पडलेसुद्धा. दोन कोटींहून जास्त बायकांना दरमहा रक्कम पोचवता येते हे सरकारनं स्वतःच दाखवून दिलं. त्यामुळे ‘दरमहा देणं प्रशासकीयदृष्ट्या शक्य नाही’ हे वाक्य आता कुणी माझ्यापुढे म्हणू नये. या योजनेला फुकटेपणा म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं पटत नाही. आमच्या भागात त्या पंधराशेतले काही बचत गटाच्या नाही तर फायनान्सच्या हप्त्यात जातात, काही पोरीच्या क्लासला जातात. दोन्ही मला चालतात. हप्ता भरला गेला नाही तर दारात येऊन बसणारा माणूस घरातल्या तरण्या पोरीकडेही बघत असतो, हे मी पाहिलं आहे.

पण लाडकी बहीण व्हायला वय किमान एकवीस लागतं. एकवीस ते पासष्टपर्यंतच्या बाईकडे मत आहे. तक्त्यात जिला जागा नाही ती चौदा वर्षांची आहे. शिवाय लेक लाडकीची पहिली मुलगी सहावीत जाईल ती २०३४ मध्ये आणि तिचे पंचाहत्तर हजार येतील २०४१ मध्ये. आज नववीत बसलेली मुलगी २०१०-११ च्या सुमारास जन्मलेली. ती या योजनेत कधीच नव्हती. तिच्या मागच्या मुलींसाठी २०१४ ची ‘सुकन्या’ आली, २०१६ मध्ये तिची ‘माझी कन्या भाग्यश्री’ झाली, आणि २०२३ मध्ये लेक लाडकी. दर वेळी नाव नवं, कागदपत्रं नवी, आणि पैसा पुन्हा अठराव्या वर्षाच्या पलीकडे. प्रत्येक सरकारला आपल्या कारकिर्दीत जन्मलेली बाळं आवडतात. त्यांचे पैसे पुढच्या सरकारांना द्यायचे असतात.

आठवीपासून दरमहा पंधराशे मिळाले तर लग्न थांबेल का? सगळी थांबणार नाहीत. पण आईशेजारी बसून ती मुलगी महिन्याला जेवढ्या विड्या वळते तेवढ्या मजुरीशी ही रक्कम तरी बोलू शकते. शंभर रुपये बोलू शकत नव्हते. पैसे मुलीच्या खात्यात पडावेत. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच दिलेली आहे, तेव्हा बँकेच्या खिडकीवर ‘वडिलांना घेऊन ये’ म्हणणाऱ्याला ते परिपत्रक दाखवता येईल. अठरानंतरचं म्हणाल तर जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली आहे. पण त्या माफीपर्यंत पोचायला बारावी व्हावी लागते.

बाईच्या नावावर काही आलं की घरातलं बोलणं बदलतं, हे सोलापूरनं पाहिलेलं आहे. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांची अनेक वर्षांची लढाई होती, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या. घरं बायकांच्या नावावर. दारू पिऊन बायकोला घराबाहेर काढायची धमकी देणारा नवरा तिथं एकदम अडचणीत आला, कारण घर त्याचं नव्हतं. कुंभारीतल्याच रे नगरची तीस हजार घरं नंतर आली. त्यांतल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. पक्ष वेगवेगळे, पंतप्रधान वेगवेगळे, आणि कल्पना मात्र दोघांनाही सोडता आली नाही. आईला घर मिळालं. त्या घरात वाढणाऱ्या मुलीला महिन्याचे पंधराशे देताना मात्र आपण २०४१ साल सांगतो.

राहिली ती अविवाहित असण्याची अट. ती मी पहिल्यांदा काढीन. अठराच्या आत लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो करतात आई-बाप, सासू-सासरे, भटजी आणि जेवायला गेलेले आपण. योजनेत शिक्षा होते ती मुलीला: पंचाहत्तर हजार तिचे बुडतात. नववीतून लग्न होऊन अक्कलकोटकडे गेलेली माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षांनी, बाळ कडेवर घेऊन, मला भेटायला आली होती. तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं होतं. सासू तयार होती. नवऱ्यानं फीचे पैसे द्यायला नकार दिला होता. फी मी भरली, ते सोडा. तिच्यासारख्या मुलीला पुस्तकाकडे परत आणायचं असेल तर महिना पंधराशे तिला इतर कुणाहीपेक्षा आधी मिळायला हवेत, आणि लेक लाडकीच्या शासन निर्णयातल्या एका अटीमुळे नेमकी तीच बाहेर राहते. ही अट काढायला विधेयक लागत नाही. महिला व बालविकास विभागाचं एक शुद्धिपत्रक पुरतं.